शनिवारी गच्चीवर पाहिलेल्या चित्रपटाविषयी

बी-५०२ (सांस्कृतिक समितीतर्फे):
सर्व सभासदांना नमस्कार. शनिवारी रात्री आपण सोसायटीच्या गच्चीवर 'बिफोर सनराइज' हा इंग्रजी चित्रपट पाहिला. त्यानंतर रविवारी दिवसभर ग्रुपवर अंगठे आणि टाळ्या पुष्कळ आल्या, परंतु चित्रपटाविषयी दोन ओळींपलीकडे कोणीही लिहिले नाही आणि चार जणांनी मात्र 'यात घडते काय?' असा प्रश्न विचारला. या प्रश्नाचे उत्तर सवडीने आणि पूर्ण वाक्यांत लिहिले जावे, अशी विनंती आहे. पाण्याच्या टँकरचा विषय आजच्या दिवस दुसऱ्या ग्रुपवर ठेवावा.

थंडीमुळे जे मध्येच उठून गेले, त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. हा १९९५ सालचा चित्रपट असून रिचर्ड लिंकलेटर हे त्याचे दिग्दर्शक आहेत. बुडापेस्टहून निघालेल्या गाडीत जेसी हा अमेरिकन तरुण आणि सेलीन ही फ्रेंच तरुणी यांची ओळख होते. आजीला भेटून ती पॅरिसला परत चालली आहे. त्याला व्हिएन्नाला उतरून दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेचे विमान गाठायचे आहे आणि हॉटेलात राहण्याइतके पैसे त्याच्या खिशात नाहीत. तो तिला आपल्याबरोबर उतरण्याची गळ घालतो, ती उतरते, दोघे रात्रभर शहरात भटकतात आणि सकाळी स्टेशनवर एकमेकांचा निरोप घेतात. घडते ते एवढेच.

ए-१०३:
टंकलेखन नात करीत आहे, मते माझी आहेत. चित्रपट मला कंटाळवाणा वाटला नाही. इंग्रजी सगळे समजले नाही, तरी समितीने वाटलेल्या मराठी टिपणामुळे निभावले. पण एक गोष्ट शेवटपर्यंत घशाखाली उतरली नाही आणि ती म्हणजे ती मुलगी गाडीतून उतरली कशी? तिकीट पॅरिसचे, घरचे वाट पाहत असणार आणि तासाभराच्या ओळखीवर परक्या गावात, परक्या मुलाबरोबर, तेही रात्रीचे! आम्ही एसटीने माहेरी जाताना शेजारच्या सीटवर परका पुरुष बसला, तर मध्ये पिशवी ठेवत असू. मुलगा भला निघाला हे लेखकाच्या हातचे होते, म्हणून सारे सुरळीत पार पडले. खऱ्या जगात भलेपणाची हमी कोण देणार, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

सी-२०४:
आजी, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि मला वाटते, चित्रपटानेही तो टाळलेला नाही. गाडीत तो तिला काय सांगतो, ते पुन्हा आठवून पाहा. तो म्हणतो, दहा-वीस वर्षांनी तुझे लग्न झालेले असेल, संसारातली गोडी थोडी कमी झाली असेल आणि पूर्वी भेटलेल्या एखाद्या मुलाची निवड केली असती तर काय झाले असते, असा विचार तुझ्या मनात येईल. तर मी त्या मुलांपैकीच एक आहे, आज माझ्याबरोबर उतर आणि आपले काही हुकले नाही याची खात्री करून घे. म्हणजे तिला आपलेसे करण्यासाठी तो स्वतःलाच कमी लेखतो. युक्ती आहे खरी, पण मोठी गोड युक्ती आहे.

तिलाही ती युक्ती कळते. रात्री बागेत ती त्याला स्पष्टच सांगते की, गाडीत भेटलेली फ्रेंच मुलगी, एक रात्र आणि पुन्हा कधीही भेट नाही, ही तर पुरुषांची ठरलेली कल्पना झाली, आणि आपल्याला कोणाच्या सांगण्यातली गोष्ट व्हायचे नाही. पटकथा लिंकलेटर यांच्याबरोबर किम क्रिझन या लेखिकेने लिहिली आहे. सेलीन केवळ पाहण्यापुरती राहत नाही, उलट प्रश्न विचारते, याचे श्रेय मी तरी त्या दोघांच्या जोडीला देते. (मध्ये पिशवी ठेवण्याची पद्धत आजही चालू आहे, आजी. मी स्वतः ठेवते.)

डी-४०१:
नागपूरहून मुंबईला निघालेली मुलगी नाशिकरोडला उतरली, अशी कल्पना करून पाहिली. रात्री दोनला गोदाघाटावर बसलेल्या जोडप्याला पहिला प्रश्न गस्तीवरचा पोलीस विचारेल. त्यानंतर सीबीएस बसस्थानकाजवळ चहा आणि पहाटे मिसळ मिळेपर्यंत निव्वळ कुडकुडणे. व्हिएन्नातल्या त्या जत्रेतला १८९७ सालचा मोठा पाळणा सुंदर आहे, पण आपल्याकडे त्यासाठी कालिकेच्या यात्रेपर्यंत थांबावे लागेल आणि तिथल्या आकाशपाळण्यात पहिले चुंबन घेण्याचे धाडस कोणी करणार नाही, कारण खाली रांगेत हमखास कोणीतरी मावशी उभी असते.

ए-३०१:
मी १९ वर्षे पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोड ते मुंबई अपडाऊन केले, त्यामुळे गाडीतल्या परक्या माणसांविषयी थोडे अधिकाराने बोलू शकतो. पासधारकांच्या डब्यात माणसे वर्षानुवर्षे समोरासमोर बसतात, डबे उघडतात, मुलांच्या दहावीचे टक्के एकमेकांना तोंडपाठ असतात आणि तरीही ती एकमेकांजवळ मनातले बोलत नाहीत. कारण उद्या सकाळी पुन्हा त्याच सीटवर तेच तोंड दिसणार असते. आज मी त्याला सांगितले की वरिष्ठांच्या जाचामुळे रात्री झोप लागत नाही, तर उद्या तो 'लागली का झोप?' असे सगळ्या डब्यासमोर विचारील, ही भीती मनात असते. उलट एखाद्या दिवशी जागा न मिळाल्याने दाराशी उभ्या असलेल्या, पुन्हा कधीही न भेटणाऱ्या माणसाला मी कसारा ते इगतपुरी एवढ्या अंतरात, जे घरी सांगितले नव्हते, ते सांगून मोकळा झालो आहे.

म्हणून मला त्या दोघांचे मोकळेपण खोटे वाटले नाही. ते लवकर जवळ आले हे जेवढे खरे, तेवढेच हेही खरे की, सकाळचे विमान आणि सकाळची गाडी ठरलेली असल्यामुळेच ते बोलू शकले. वेळ संपणार आहे हे दोघांनाही ठाऊक आहे आणि चित्रपटात जो ताण आहे, तो सगळा त्या घड्याळाचा आहे. खलनायक नाही, गैरसमज नाही, विरोध करणारा बाप नाही आणि तरीही मी पाय आखडून बसलो होतो, तो केवळ थंडीमुळे नव्हे.

आणखी एक निरीक्षण नोंदवतो. हल्ली मी क्वचित मुंबईला जातो, तेव्हा संध्याकाळी परतताना कसाऱ्याला घाटात गाडी ढकलणारी बँकर इंजिने मागून लागतात, गाडी घाट चढू लागते आणि बोगद्यांमध्ये मोबाइलची रेंज जाते. तेवढ्यापुरत्या सगळ्यांच्या माना वर येतात, कोणी 'कुठपर्यंत?' असे विचारतो, कोणी खिडकी लावायला मदत करतो. इगतपुरी आली की माना पुन्हा खाली.

सी-२०४:
काका, मग पुढचा प्रश्न असा की, हा चित्रपट आज घडू शकेल का? आज ती दोघे दहाव्या मिनिटाला एकमेकांना इन्स्टाग्रामवर शोधतील, स्टेशनवर निरोपाचे दुःखच उरणार नाही आणि तो विमानात बसण्याआधीच तिचा संदेश आलेला असेल. एकमेकांचे नंबर आणि पत्ते घ्यायचे नाहीत, सहा महिन्यांनी याच फलाटावर भेटायचे, हा निर्णय मला लेखकांनी ओढूनताणून आणल्यासारखा वाटला. नंबर घेतला असता तर काय बिघडले असते?

बी-५०२:
या प्रश्नाला चित्रपटाबाहेर एक खरे उत्तर आहे आणि ते सांगण्यासाठीच मी कालपासून थांबले होते.

१९८९ साली फिलाडेल्फिया शहरातल्या खेळण्यांच्या एका दुकानात लिंकलेटर यांना एक तरुणी भेटली आणि तीही दोघे पहाट होईपर्यंत बोलत शहरात फिरली. या चित्रपटाचे बीज त्या रात्रीत आहे. मात्र खऱ्या गोष्टीत त्यांनी नंबर घेतले होते. काही दिवस फोनवर बोलणे झाले, मग दूरच्या नात्याचे जे व्हायचे तेच झाले आणि बोलणे हळूहळू थांबले. म्हणजे सी-२०४ यांना जो निर्णय ओढूनताणून आणलेला वाटतो, तो दिग्दर्शकाने पोळलेल्या जिभेने घेतलेला आहे. त्या रात्रीला फोनवर विझू द्यायचे नाही, हे पडद्यावर तरी त्यांच्या हाती होते.

चित्रपट प्रदर्शित झाला, बर्लिनच्या महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शनाचा 'रौप्य अस्वल' हा पुरस्कार त्याला मिळाला. लिंकलेटर यांना मनातून वाटत असे की, एखाद्या खेळाला ती मुलगी समोर येऊन उभी राहील. ती आली नाही. कित्येक वर्षांनी त्यांना कळले की, १९९४ साली, चित्रीकरण सुरू होण्याच्या थोडेच आधी, मोटारसायकलच्या अपघातात तिचा मृत्यू झाला होता. २०१३ साली आलेला या मालिकेतला तिसरा चित्रपट तिच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे.

हे कळल्यापासून मला व्हिएन्नातला एक प्रसंग पूर्वीसारखा पाहता येत नाही. डॅन्यूब नदीतून वाहत आलेल्या बेवारस मृतदेहांसाठी तिथे अनामिकांची दफनभूमी आहे आणि सेलीन जेसीला तिथे घेऊन जाते. तिथल्या एका मुलीच्या थडग्याजवळ ती म्हणते की, मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि ही मुलगीही तेराचीच होती. आता मी दहा वर्षांनी मोठी झाले, ही मात्र तेराचीच राहिली. लिंकलेटर हा प्रसंग चित्रित करीत होते, तेव्हा त्यांच्या आठवणीतली ती मुलगीही वाढायची थांबली होती आणि हे त्यांना ठाऊक नव्हते. योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये, असे मी वर्गात मुलांना सांगत आले आहे. इथे मात्र मला ते जमत नाही.

शेवटची दोन-तीन मिनिटे अनेकांनी खुर्च्या आवरण्यात घालवली, म्हणून मुद्दाम सांगते. दोघे निघून गेल्यावर कॅमेरा रात्रीच्या सगळ्या जागांवरून पुन्हा फिरतो. तो पूल, ती बाग, तो पाळणा, सगळे सकाळच्या उन्हात आणि सगळे रिकामे. बागेत रात्री दोघांनी प्यायलेल्या वाइनची बाटली तशीच पडली आहे आणि एक म्हातारी बाई तिच्या बाजूने निघून जाते. आदल्या रात्री जिथे आपण जीव गुंतवला, ती जागा उजेडात अगदी साधी निघते. प्रेम दाखवायचे तर माणसेच पडद्यावर असली पाहिजेत असे नाही, हे मला त्या दृश्यांमुळे पटले.

सी-६०३:
मॅडम, उत्तम. एक भर घालतो. सतीश राजवाडे यांचा २०१० सालचा 'मुंबई-पुणे-मुंबई' याच कुळातला आहे: एक दिवस, एक शहर, दोन अनोळखी माणसे आणि भरपूर बोलणे. त्या चित्रपटात दोघांची नावेसुद्धा आपल्याला कळत नाहीत, ती मुंबई आणि तो पुणे. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे यांनी दोघांतली खडाखडी अशी रंगवली आहे की, नावांची उणीव भासत नाही. पण आपला पिंड कसा आहे ते पाहा. मुलगी पुण्याला येते ती स्थळाला नकार देण्यासाठी आणि दिवसभर जो परका मुलगा तिच्याबरोबर फिरतो, तोच ते स्थळ निघतो. म्हणजे परक्यावर प्रेम करण्याची हौसही भागली आणि पत्रिकाही घरातच राहिली. ए-१०३ च्या आजींना हवी असलेली हमी मराठी चित्रपटाने अशी देऊन टाकली. मला तो चित्रपट मनापासून आवडतो, तरी शेवटी थोडे फसवल्यासारखेही वाटते, कारण व्हिएन्नातला धोका त्यात उरत नाही.

ए-३०१:
धोका उरत नाही, पण ओळख नसताना आवडलेला माणूस ओळख पटल्यावरही आवडेल का, ही परीक्षा त्यात आहेच. ती काही सोपी म्हणता येत नाही.

बी-५०२:
ज्यांना पुढचे भाग पाहायचे आहेत, त्यांनी हा संदेश ओलांडून पुढे जावे. सहा महिन्यांनी ती दोघे भेटली का, याचे उत्तर २००४ सालच्या दुसऱ्या भागात आहे. तो आला होता, ती आली नाही, कारण ज्या आजीला भेटून ती गाडीत बसली होती, त्याच आजीवर त्या दिवशी अंत्यसंस्कार होते. नंबर नसल्यामुळे ती कळवू शकली नाही. सी-२०४, तुमच्या प्रश्नाला चित्रपटाने नऊ वर्षांनी दिलेले हे दुसरे उत्तर आहे आणि ते पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.

तिसऱ्या भागात दोघांचा संसार आहे, जुळ्या मुली आहेत आणि ग्रीसमधल्या हॉटेलच्या खोलीत दोघे असे भांडतात की, पाहणाऱ्याने दार लोटून बाहेर जावे. पहिल्या भागाची सुरुवात ज्यांनी नीट पाहिली, त्यांच्या लक्षात येईल की, हे भांडण तिथेच पेरलेले आहे. गाडीत एक मध्यमवयीन जोडपे जर्मन भाषेत कडाकडा भांडत असते, त्या आवाजाला कंटाळून सेलीन जागा बदलते आणि म्हणूनच जेसीच्या बाजूला येऊन बसते. पहिलेच बोलणे होते ते त्या भांडणावर. सेलीन सांगते की, वय वाढते तसे पुरुषांना वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात आणि बायकांना खालच्या पट्टीतले.

ए-१०३:
नातीने हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. मुलगी गाडीतून उतरली हे मला अजूनही पटलेले नाही. तरीही दुसरा भाग काल घरीच पाहिला. मुलीची आजी गेली हे ऐकून मी उगाच रागावले होते, असे वाटले.

आवाजाचे म्हणाल तर त्यासाठी सिनेमा कशाला पाहायला हवा? ५१ वर्षे झाली. मी स्वयंपाकघरातून हाक मारते, ती यांना ऐकू येत नाही आणि हे पेपर वाचता वाचता जे पुटपुटतात, ते मला ऐकू येत नाही. मग दोघेही एकमेकांना म्हणतो, 'मी बोललो होतो', 'मी बोलले होते'. तिसरा भाग लावाल तेव्हा साडेसातला सुरू करावा, म्हणजे गोळ्यांची वेळ चुकणार नाही. भांडण पाहण्यासाठी यांनी कानाचे यंत्र लावून बसायचे कबूल केले आहे.