मदत हवी आहे: लिस्बनचं कार्मू संग्रहालय नीट कसं पाहावं?

नमस्कार मंडळी,
मागच्या वेळी लिस्बनला गेले तेव्हा कार्मूच्या जुन्या चर्चमधल्या पुरातत्त्व संग्रहालयासाठी जेमतेम अर्धा तास मिळाला. १७५५ च्या भूकंपात छत कोसळलं, ते पुन्हा कधीच पूर्ण बांधलं गेलं नाही. वर नुसत्या टोकदार कमानी, त्यांच्यामधून दिसणारं निळं आकाश आणि पायाखाली गवत. मी तिथेच खिळून राहिले आणि आतली दालनं धावत पाहिली. पेरूच्या दोन ममी, पोटाशी गुडघे घेऊन बसलेल्या, अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

आता पुन्हा जायचा योग आहे. अडचण अशी, की १८३४ मध्ये पोर्तुगालमधले मठ बंद झाले आणि तिथल्या कितीतरी वस्तू पुढे इथे आल्या. राजा फर्नांदो पहिला याची कोरीव दगडी शवपेटीसुद्धा मूळची सांतारेम या दुसऱ्या शहरातली. मग उघड्या भागात मांडलेल्या दगडांपैकी या चर्चचे स्वतःचे कोणते आणि बाहेरून आणलेले कोणते, हे कसं ओळखायचं? कोणी सावकाश पाहिलं असेल तर कुठून सुरुवात करू, किती वेळ ठेवू, हेही सांगा. कमानींवर चांगलं ऊन सकाळी असतं की दुपारनंतर?