मदत हवी आहे: पळणं वाढवलं, तरी घड्याळातला एचआरव्ही घसरतोय

टेकडीवाली
सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे. पळणं वाढवल्यापासून घड्याळात एचआरव्ही (लागोपाठच्या ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं तो आकडा) सतत खाली आणि विश्रांतीची नाडी वर. जिथे तिथे वाचते की व्यायामाने बरोबर उलटं होतं. मग माझंच असं का? पळू की थांबू? "डॉक्टरांना विचारा" एवढंच कृपया लिहू नका, स्पर्धा तोंडावर आली आहे.

घाटवाट
वय? आकडे? झोपेतले की दिवसा मधूनच घेतलेले? रक्तदाबाची गोळी वगैरे? काहीच लिहिलेलं नाही, सांगणार काय?

टेकडीवाली
वय ४६. एचआरव्ही ४२ होता, आता ३१. नाडी ५८ वरून ६६. दोन्ही झोपेतले. गोळ्या कसल्याच नाहीत.

अण्णा_वाईकर
ताई, पळणं बाजूला ठेवा आणि सकाळी अनुलोम-विलोम सुरू करा. मिनिटाला ६ श्वास. माझा आकडा बसल्या बसल्या चढतो, डोळ्यांनी पाहिलंय.

घाटवाट
अण्णा, संथ श्वासाने तो आकडा त्या वेळेपुरता चढतोच. श्वास घेताना नाडी जरा वाढते, सोडताना उतरते आणि श्वास लांबवला की हा चढउतार मोठा होतो. त्यावरून ताईंना पळण्याचा थकवा आहे की नाही हे कसं कळणार?

अण्णा_वाईकर
थकव्याचं मी बोललोच नाही. मन शांत तर हृदय शांत. वर्षानुवर्षं करतोय, अनुभव आहे.

नीलमोहर
माझाही प्रश्न इथेच विचारते. यांच्या अॅपलच्या घड्याळात ६०, माझ्या फिटबिटमध्ये २८. माझं हृदय खराब आहे का?

स्टेथोस्कोप
नीलमोहर, अजिबात घाबरू नका. अॅपल एसडीएनएन दाखवतं आणि फिटबिट आरएमएसएसडी. दोन वेगळी गणितं आहेत, त्यांची तुलना होत नाही. शिवाय वयाबरोबर हा आकडा सगळ्यांचाच उतरतो. स्वतःचा आकडा स्वतःच्याच मागच्या आकड्यांशी ताडून पाहायचा, नवऱ्याच्या नाही.

टेकडीवाली, हृदयातला सायनस नोड एकटा सोडला तर मिनिटाला साधारण १०० ठोके देतो. व्हेगस नर्व्ह त्याला लगाम घालते, सिम्पथेटिक नर्व्ह पळवतात. नियमित व्यायामाने काही महिन्यांत लगामाची बाजू बळकट होते, म्हणून नाडी उतरते आणि एचआरव्ही चढतो, हे तुम्ही वाचलंत ते खरं आहे. पण जोरदार पळण्यानंतर काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंतही सिम्पथेटिकचा जोर राहतो. तेवढ्यात पुढचं जोरदार पळणं आलं, तर तुम्ही लिहिलेलंच चित्र दिसतं. आता सांगा, पळता केव्हा आणि कसं? मधे आजारी होतात का?

सायनसनोड
अर्धंच बरोबर. पळणाऱ्यांची नाडी मंद होते ती फक्त व्हेगसमुळे नव्हे. मँचेस्टरच्या मार्क बॉयेट यांच्या गटाने २०१४ मध्ये व्यायाम दिलेल्या उंदरांमध्ये दोन्ही बाजूंचा ताबा औषधांनी बंद केला, तरी नाडी मंदच राहिली. नोडमध्येच बदल झाला होता, एचसीएन४ हे प्रथिन कमी झालं होतं.

स्टेथोस्कोप
तो अभ्यास महत्त्वाचाच आहे. पण नोडमधले बदल सावकाश होतात. इथे नाडी वाढलेली आहे आणि तीही अलीकडेच. त्याचं उत्तर त्यात मिळत नाही.

डोंगरयात्री
साताऱ्याला जाताय तर यवतेश्वरचा घाट उतरताना मांड्या सांभाळा. चढापेक्षा उतारच जास्त छळतो. बूट नवे घेऊ नका.

टेकडीवाली
ऑफिसनंतर रात्री नऊला पळते. दिवसा वेळच मिळत नाही. हळू पळायला जमत नाही, दरवेळी मागची वेळ मोडायची असते. व्हायरल ताप आला होता, पण तो उतरून आठवडे झाले. त्याचा इथे काय संबंध?

घाटवाट
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! रात्री नऊला जीव तोडून पळाल्यावर झोपेत नाडी चढीच राहणार.

स्टेथोस्कोप
तापाचा संबंध मोठा आहे. विषाणूच्या तापानंतर क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. बहुतेकांना काही होत नाही, पण नाडी चढीच राहिली असेल तर गृहीत धरू नये. छातीत दुखतं का? धडधड, चक्कर, नेहमीच्या चढावर दम? यातलं काहीही असेल तर पळणं आजच बंद आणि लगेच तपासणी. नसेल तरी घाटाआधी ईसीजी काढाच. तोवर फक्त चालणं, तेही गप्पा मारता येतील अशा वेगाने.

सायनसनोड
पळून थांबल्यावर पहिल्या मिनिटात नाडी किती उतरते तेही लिहून ठेवा. व्हेगस परत ताबा घेते त्याची ती खूण. क्लीव्हलँड क्लिनिकच्या १९९९ च्या अभ्यासात २४२८ जण होते. ट्रेडमिलनंतर पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी ठोके उतरलेल्यांमध्ये पुढच्या ६ वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं.

स्टेथोस्कोप
ती चाचणीसाठी पाठवलेली माणसं होती आणि ट्रेडमिलनंतर त्यांना हळू चालवत ठेवलं होतं. टेकडीवर धापा टाकत मोजलेला आकडा त्याला लावू नका. आणि ईसीजी होईपर्यंत ताईंना हे मोजायला पळवू तर मुळीच नका.

टेकडीवाली
दुखत नाही, चक्कर नाही. चढावर दम मात्र आधीपेक्षा लागतो, मला वाटलं उकाड्यामुळे. रविवारी ग्रुपबरोबर घाटाचा सराव ठरलाय, तो तरी करू का?

स्टेथोस्कोप
नाही. दम वाढलाय ना, मग उद्याच तपासून घ्या.

अण्णा_वाईकर
ताई, यांचं ऐका. श्वासाचं नंतर बघू.

टेकडीवाली
सकाळची वेळ घेतली आहे. घड्याळातली गेल्या तीन महिन्यांची नोंद डॉक्टरांना दाखवायची तर छापून नेऊ की फोनवरच चालेल?