दीडशे वर्षांचा पोट्टा अजून शाळेतच?

पराटीवाला
परवा इथं एका ताईनं लिहिलं, "मराठीत नुसती सासू-सून. पोरांसाठी एखादी व्हॅम्पायरची प्रेमकथा यायला पाहिजे." राजेहो, कायले? २००८ मध्ये ट्वायलाइटचा पिक्चर चालला आन् सगळ्यांनी तोच साचा उचलला. पोरगी, वर्गातला फिक्कट पोट्टा, "माझ्यापासून दूर राहा" म्हणणार आन् रोज तिच्याच मागं. व्हॅम्पायर डायरीज मालिकेतला स्टीफन १८६४ साली व्हॅम्पायर झाला आन् २००९ मध्ये शाळेत नाव घालते! आमच्या इथं बारावीत दोनदा लटकला का बाप ट्रॅक्टरवर बसवते. हिंदीवाल्यांनी २०१० मध्ये 'प्यार की ये एक कहानी'त तीच कढी ऊन केली. आता मराठीत पुन्हा?

मोहफूल
ती ताई मीच. आधी सालं नीट पाहा. व्हॅम्पायर डायरीजची पुस्तकं १९९१ पासूनची, ट्वायलाइट कादंबरी २००५ ची. कोणी कोणाचं उचललं? आणि १९९७ च्या 'बफी' मालिकेत पोरगीच व्हॅम्पायर मारते.
आम्ही होस्टेलवर सहाजणी एका मोबाईलवर, पांघरुणात तोंड घालून हे पाहायचो. का, तर व्हॅम्पायर असून त्या स्टीफनला बोलावल्याशिवाय घरात शिरता येत नाही, आमंत्रण लागतं. होस्टेलच्या रस्त्यावर गाडी आडवी घालणाऱ्या पोट्ट्यांना ते लागत नव्हतं.

पराटीवाला
पुस्तक आधीचं, मान्य. मालिका पिक्चरचा गल्ला पाहूनच निघाली ना? आन् आमंत्रणाचं म्हणाल तर ट्वायलाइटमधला एडवर्ड न विचारता खोलीत शिरून तिले झोपलेली पाहत बसते. आमच्या गावात त्याले झोडपला असता.

मोहफूल
ते घाणच आहे. झालं समाधान?

रातची लाइन
मधात बोलतो, माफ करा. तुमच्या मालिकेत रातच्याले फक्त व्हॅम्पायर फिरतात. आमच्या फिडरले या आठवड्यात शेतीची लाइन, म्हंजे वीज, रातचीच हाय. जानेवारीत दीड वाजता हरभऱ्याले पाणी देत होतो, बॅटरीच्या उजेडात दोन डोळे चमकले. रानडुक्कर. प्रेमात नाही पडलो, धुऱ्यावरच्या बाभळीवर चढलो. काटे बायकोनं सकाळी सुईनं काढले, हासत हासत.

सावजी रस्सा
सोलर पंप घ्या ना भाऊ. रडता काहून?

रातची लाइन
पैसे भरून वरीस झालं बावा. तू येतं का पाइप बदलाले? नागपुरात बसून अक्कल नको शिकवू.

सावजी रस्सा
मी नागपूरचा नाही, काटोलचा. संत्र्याचं पाणी मलेही रातीच द्या लागते. सांगाले गेलो तर अंगावर!

पराटीवाला
अबे, धागा लाइनीचा नाही ना!

रातची लाइन
मग कशाचा हाय? मेलेल्या पोट्ट्याच्या लग्नाचा?

झाडीचा बाप्या
आमच्या गडचिरोलीतल्या वडशाकडं दिवाळी झाली का झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. रातभर चालतात. माझी आजी थंडीत घोंगडं घेऊन पहाटेपर्यंत बसे. त्या माणसाले नवीन भूत दाखवा ना! पण मराठीत भूत म्हटलं का कोकणच. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' आली, तिथंही सावंतवाडीकडचाच वाडा. आमच्या चकव्याले कोणी विचारत नाही. रस्ता रोजचाच, पण माणूस रातभर त्याच वावराभोवती फिरते. अन् वऱ्हाडी नाहीतर झाडीबोली बोलणारा मालिकेत आला का तो नोकर, नाहीतर जोकर.

मोहफूल
हे मात्र खरं. वऱ्हाडी पोट्ट्याले हिरो करायची हिंमत कोणाची नाही. दात लावलेला चालते, "मले" म्हणणारा नाही चालत.

पराटीवाला
चला, ताईले एकदाचं पटलं! काढा चकव्याची प्रेमकथा, पाहीन. पोट्टा बारावी पास पाहिजे फक्त.

मोहफूल
पोरगी पास असली तरी पुरे. आणि मला तुमचं काही पटलेलं नाही, बाप्याभाऊंचं पटलं.

रातची लाइन
लाइन आली. जातो.