पावसात सायकलवर पाय कोरडे कसे ठेवायचे? (वारजे ते बाणेर, रोज)

वारजेकरीण:
मी वारज्याहून बाणेरला ऑफिसला सायकलने जाते. सर्व्हिस रोडने चांदणी चौक, पुढे पाषाण, तिथून बाणेर. रेनकोट चांगला आहे, अंग कोरडं राहतं, पण पायांचं काही केल्या जमत नाही. पोचेपर्यंत मोजे पिळले तर पाणी निघतं. वर ऑफिसात एसी, त्यामुळे दुपारपर्यंत पाय गारठलेले. आता करंगळीच्या बेचकीत चिखल्याही झाल्यात. वॉटरप्रूफ बूट घ्यावेत का? पाच-सहा हजार घालायची तयारी आहे, पण उपयोग झाला पाहिजे. सायकल साधी हायब्रिड आहे, मडगार्ड नाही.

धनकवडीचा काका:
ताई, बूट राहू द्या, आधी पुढचं मडगार्ड बसवा. हडपसरच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी सायकलवर झाली, त्या अनुभवावरून सांगतो. पायांवर वरून पडणारं पाणी कमीच असतं. पुढचं चाक रस्त्यावरचं पाणी उचलून थेट चवड्यावर मारतं. पाऊस थांबला तरी रस्ता ओला असेपर्यंत हा मारा चालूच, आणि त्यात चिखल आणि गाड्यांचं ऑइल.

दुकानात मिळणारी आखूड प्लास्टिकची मडगार्डं तोंडावरचे शिंतोडे अडवतात, पायावरचे नाही. चाकाला मागून खालपर्यंत वेढा घालणारं पूर्ण मडगार्ड घ्या. फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, टोकाला भोकं असतील तर ते सहज बसतं. त्याच्या खालच्या टोकाला रबराचा मडफ्लॅप लावा. बोहरी आळीत रबरशीट मिळते, किंवा ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चालतो. वरून मडगार्डएवढा, खाली थोडा रुंद कापायचा आणि दोन नटबोल्टांनी आवळायचा. जमिनीपासून चार-पाच बोटं वर राहील इतका लांब ठेवा. खरी करामत या फ्लॅपचीच आहे.

आता वॉटरप्रूफ बूट. त्याला वरून तोंड असतंच. नडगीवरून ओघळलेलं पाणी आत जातं आणि मग बाहेर निघायला वाट नसते. शिवाय आपला पाऊस दमट. बाहेरच्याच हवेत इतकी वाफ असते, की बुटाच्या अस्तराने कितीही श्वास घेतो म्हटलं तरी घाम आतच राहतो. असा बूट संध्याकाळपर्यंत वाळतही नाही. गमबुटाचंही तेच, वर तो पोटरीला घासतो.

शहरातल्या पावसासाठी माझं ठाम मत: पाय ओले होऊ द्या, पाणी आत थांबू देऊ नका. टाचेला पट्टा आणि पुढून बोटं झाकलेली, कडक तळाची सँडल घाला, मोजे नकोत. साधी चप्पल अजिबात नको, पायडलवरून घसरते. कोरडे बूट, मोजे आणि छोटा टॉवेल ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच ठेवा. पोचल्यावर पाय धुवून पुसलेत की एसीचा त्रासही संपला.

घाटवेडा:
काकांचं शहरापुरतं शंभर टक्के पटलं. पण रविवारी सिंहगड किंवा ताम्हिणीला जाणार असाल तर उघडी सँडल पुरणार नाही. पुणे साधारण ५६० मीटरवर, गड १३०० मीटरच्या वर. म्हणजे वर चार-पाच अंशांनी गार. चढताना कळत नाही, अंग तापलेलं असतं. उतरताना पाय हलत नाहीत, वारा लागतो आणि बोटं बधिर होतात.

तिथे सुती मोजे नकोत, ते पाणी धरून ठेवतात. पातळ लोकरीचे घाला, ओले झाले तरी ऊब देतात. वरून, बुटावर चढवायचं निओप्रीनचं शू कव्हर. त्या रबरात हवेचे बारीक बंद बुडबुडे असतात, म्हणून भिजलं तरी गारवा आत येत नाही. रेनपँटचे पाय कव्हरच्या बाहेरून सोडा, आत खोचलेत तर सगळं पाणी बुटात. क्लीटचे (तळाच्या खाचेने पायडलला अडकणारे) बूट असतील तर तळाच्या भोकांतून पाणी येतं, आतून टेप लावा.

कव्हर नसेल तर मोज्यावर प्लास्टिकची पिशवी आणि वर बूट. घाम येतो, पण उतारावर वारा अडतो. टपरीवर चहाला थांबलात की काढून टाका.

औषधवाली:
मी फार्मासिस्ट आहे. चिखल्यांकडे दुर्लक्ष करू नका. बोटांच्या बेचक्या पुसून पूर्ण कोरड्या करा, मग क्लोट्रिमॅझोलची क्रीम. खाज थांबली की लोक क्रीम बंद करतात आणि त्या पुन्हा होतात. पाकिटावर लिहिलेला पूर्ण काळ लावा. तेल लावून वर मोजे घालू नका, ओल कोंडते. घरात कुणाला मधुमेह असेल आणि पायाला चीर पडली असेल, तर थेट डॉक्टरांकडे न्या.

आणखी एक. पायाला जखम असताना तुंबलेल्या पाण्यातून जावं लागलं तर घरी येताच साबणाने धुवा. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. नंतरच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर डॉक्टरांना पाण्यातून गेल्याचं आवर्जून सांगा.

वारजेकरीण:
सगळ्यांचे मनापासून आभार. फोर्कला भोकं आहेत, मडगार्ड बसेल. क्रीम आजच आणते. काका, फ्लॅप इतका खाली असेल तर स्पीडब्रेकरवर घासणार नाही का? आणि आत्ताचे भिजलेले बूट कसे वाळवू?

धनकवडीचा काका:
घासू द्या, रबर आहे, वाकतं. म्हणून तर फ्लॅप रबराचा लावा म्हटलं. बुटांतलं आतलं सोल आधी काढा, मग रद्दीचे बोळे कोंबा. तासाभराने बदला, रात्री झोपताना पुन्हा नवे भरा. हीटरपुढे ठेवू नका, डिंक सुटतो. आणि आपल्या खड्ड्यांनी मडगार्डच्या दांड्यांचे स्क्रू ढिले होतात, दर रविवारी पाना फिरवत जा.