प्रतिसाद: क्वाएट, सायलेंट, काम (calm) आणि बाकीचे

वरच्या प्रतिसादात म्हटलंय की क्वाएट (quiet), सायलेंट (silent), काम (calm), स्टिल (still), सिरीन (serene), ट्रँक्विल (tranquil) या सगळ्या इंग्रजी शब्दांना मराठीत ‘शांत’ म्हटलं की भागतं. मराठीत वाचताना भागतं, इंग्रजीत लिहिताना मात्र गोची होते.

क्वाएट कमीजास्त होऊ शकतं, म्हणून ‘व्हेरी क्वाएट’ चालतं. सायलेंट म्हणजे आवाजच नाही, त्यामुळे ‘व्हेरी सायलेंट’ कानाला खटकतं. माणसाच्या बाबतीत फरक आणखी मोठा: ‘ही इज क्वाएट’ म्हणजे तो मुळातच अबोल, तर ‘ही वॉज सायलेंट’ म्हणजे त्या वेळी तो बोलला नाही. मूक मोर्चाला ‘सायलेंट मार्च’ म्हणायचं. ‘पीसफुल मार्च’ म्हणजे हिंसा न झालेला मोर्चा, मग घोषणांनी रस्ता दणाणला असला तरी!

काममध्ये आवाजाचा प्रश्नच नाही, खळबळ नसणं महत्त्वाचं. संतापलेल्याला ‘काम डाउन’, गोंगाट करणाऱ्या वर्गाला ‘बी क्वाएट’. वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्ट मापनात शून्य म्हणजे ‘काम’: वेग १ नॉटहून (ताशी सुमारे १.८५ किमी) कमी, धूर सरळ वर जातो. (ब्रिटिश उच्चारात ‘एल’ गाळतात, आपल्याकडचं ‘कॅल्म’ स्पेलिंग पाहून आलेलं.)

स्टिलमध्ये हालचाल नाही. युरोपातल्या हॉटेलात ‘स्टिल वॉटर’ मागितलं की बुडबुडे नसलेलं पाणी मिळतं. सिरीन आणि ट्रँक्विल बहुधा निसर्गदृश्यांसाठी किंवा चेहऱ्यासाठी. ऑफिसच्या ईमेलमध्ये ते नाटकी वाटतात.

आणि स्पेलिंग तपासताना क्वाएट (quiet) आणि क्वाइट (quite, म्हणजे ‘बऱ्यापैकी’) नीट बघा. शेवटच्या ‘ई’ आणि ‘टी’ची अदलाबदल झाली तरी दोन्ही खरेच शब्द, त्यामुळे साधा स्पेलचेक चूक दाखवत नाही.