'धूल का फूल' तुम्ही कोणाबरोबर पाहिलात?

१९५९चा चित्रपट, दिग्दर्शक म्हणून यश चोप्रांचा पहिलाच. माला सिन्हाची मीना लग्नाआधी आई होते, राजेंद्रकुमारचा महेश दुसरीशी लग्न करून मोकळा होतो, रानात टाकलेलं त्यांचं बाळ, रोशन, मनमोहन कृष्णचा अब्दुल रशीद उचलतो. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पाहताना घरात कोण काय बोललं ते लिहा. परीक्षणं नकोत.

*

आमच्याकडे आजी, आई आणि दूरदर्शन. आजीचा सगळा राग मीनावर. "पोटचं पोर टाकवतं कसं?" हे दर पाच मिनिटांनी. आई गवार मोडत होती, तिची मान वर नाही. कोर्टाचा प्रसंग आला. पिंजऱ्यात चोरीच्या आळाखाली रोशन, समोर न्यायाधीश कोण, तर महेश! शेंग हातात तशीच धरून आई म्हणाली, "टाकलं दोघांनी. एक रडतेय, दुसरा निवाडा करतोय." आजी फणकारली, "पुरुषाचं काय, आंघोळ केली की शुद्ध." हे ती महेशच्या बाजूने बोलली की विरुद्ध, यावर आम्हा भावंडांत आजही वाद आहे.

*

बाळावर फणा धरणारा नाग आला की काका पडद्याला हात जोडायचे. एवढंच आठवतंय.

*

संगीतकार एन. दत्ता म्हणजे गोव्याचे दत्ता नाईक, हे बाबा आल्यागेल्याला सांगत. साहिरचं, रफीने गायलेलं रशीदचं गाणं लागलं की "हो आमचो दत्ता!" आणि आवाज मोठा. चित्रपट मात्र त्यांनी कधी पुरता पाहिला नाही. रडारड सोसत नसे.

*

नाव देत नाही. मी लग्नाशिवाय आई झाले. मुलीच्या शाळेच्या अर्जावर 'वडिलांचे नाव' रिकामं ठेवलं, तर खिडकीतल्या बाईंनी पेनाने तीनदा टकटक केलं. अविवाहित आईला पालकत्वासाठी वडिलांचं नाव सांगायची सक्ती नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली म्हटलंय. मी निकालाची प्रत पुढे केली. बाईंनी ती न वाचताच टाचणी लावली. काम झालं.

चित्रपट आम्ही मायलेकींनी मोबाइलवर पाहिला. मीनाला शेवटी मुलासकट स्वीकारणारा वकील नवरा आहे, अशोककुमार. मला तसा कोणी भेटला नाही, आणि त्यावाचून अडलंही नाही. मुलगी मीनापेक्षा रशीदसाठी जास्त चिडली. "याला का वाळीत टाकतात? याने तर सांभाळलं!"