शब्दचर्चा : गाभण, भाकड, पान्हा

गाय गाभण असते, बाई गरोदर असते; म्हैस विते, बाई बाळंत होते. माणूस आणि जनावर यांच्यामध्ये मराठीने घातलेली ही भिंत इतकी पक्की आहे, की 'व्याली' हा शब्द बाईला लावला तर ती सरळ शिवी ठरते. त्यामुळे 'गाभण' हा शब्द जनावराला कमी लेखणारा आहे असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. संस्कृत 'गर्भिणी' प्राकृतातून येताना 'गाभण' झाली, आणि 'गाभा' व 'गाभारा' हे शब्दही त्याच 'गर्भा'तून आलेले आहेत.

2020 साली केरळात स्फोटके भरलेले फळ खाल्ल्याने एक हत्तीण मेली, तेव्हा मराठी बातम्यांमध्ये सर्रास 'गर्भवती हत्तीण' असे लिहिले गेले. जनावराविषयी हळहळ वाटायची तर त्याला माणसाचा शब्द द्यावा लागतो, असे त्यामागे गृहीत धरलेले दिसते. गोठ्यात वावरणाऱ्याला तशी गरज भासत नाही: म्हैस गाभण आहे म्हणूनच विण्याआधी सुमारे दोन महिने तो तिला आटवतो, म्हणजे हातचे दूध सोडतो. बातमीत 'गाभण हत्तीण' लिहिले असते तर दुःख उणे झाले नसते. अर्थात, त्याच गोठ्यात 'दुभती' आणि 'भाकड' हेही शब्द आहेत, आणि जनावर भाकड ठरले की त्याच्यापुढचा चारा मालकाच्या डोळ्यांत खुपू लागतो, हेही तितकेच खरे आहे.

'पान्हा' या शब्दापाशी मात्र ही भिंत उरत नाही. मूळ संस्कृत शब्द 'प्रस्नव', म्हणजे पाझरणे. वासरू सोडले, त्याने कासेला ढुशा दिल्या, की गाय पान्हावते आणि सड भरून येतात. मग वासराला शेजारी बांधून धार काढतात. परका माणूस जवळ आला किंवा गाय बिथरली तर ती पान्हा चोरते, आणि कितीही ओढले तरी दूध उतरत नाही. पान्हा आईलाही फुटतो, आणि तिच्यासाठी मराठीला वेगळा शब्द करावासा वाटला नाही. 'हंबरडा' तर गाईच्या हंबरण्यातूनच आलेला शब्द आहे. आज गाय नुसती हंबरते, हंबरडा फोडतात ती माणसे.